बुधवारचा लेख

सरांनी हात वर केला की मी वाचायचं थांबायचं, असं आमचं ठरलेलं होतं. त्या रविवारी हात वर झाला तेव्हा मी तिसऱ्या वर्तमानपत्राच्या पाचव्या पानावर होते.

"तो परिच्छेद परत," ते म्हणाले.

मी परत वाचला. आजारी सरकारी कारखान्यांच्या तोट्याबद्दल दिल्लीत कुठल्याशा समितीपुढे झालेल्या चर्चेची ती बातमी होती. सरांनी ती डोळे मिटून ऐकली. त्यांना डोळे उघडे ठेवूनही काही दिसत नव्हतं, पण नीट ऐकायचं असलं की ते मिटून घेत.

"या आठवड्याचा विषय हा," ते म्हणाले. "खूण कर."

मी लाल पेन्सिलीने खूण केली आणि पुढचं पान उलटलं.

ही त्र्याण्णव सालची गोष्ट आहे, जानेवारी संपत आला होता. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. प्राध्यापक त्र्यंबक देशकर नागपूरला अर्थशास्त्र शिकवत. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले तेव्हा नोकरी सोडून ते वऱ्हाडातल्या आपल्या मूळ गावी, म्हणजे आमच्या गावी, राहायला आले होते. बायको आधीच गेलेली, मुलगा पुण्याला. सकाळी एक बाई येऊन स्वयंपाक करून जायची. अमरावतीच्या एका दैनिकात दर बुधवारी त्यांचा लेख यायचा. देशात आठवडाभरात काय झालं, सरकारने काय ठरवलं, रुपयाचं काय झालं, हे साध्या माणसाला कळेल असं ते लिहायचे. लिहायचे म्हणजे सांगायचे, आणि मी लिहून घ्यायची. रविवारी मी त्यांना आठवड्याची सगळी वर्तमानपत्रं वाचून दाखवायची, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. सोमवारी सकाळी ते लेख सांगायचे. मी तो स्वच्छ अक्षरात उतरवायची, एकदा वाचून दाखवायची, पाकिटात घालून डिंकाने चिकटवायची आणि साडेतीनच्या अमरावती एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची. तिकडे स्टँडवर दैनिकाचा माणूस यायचा. बुधवारी संध्याकाळी मी छापून आलेला लेख त्यांना परत वाचून दाखवायची, कारण संपादकाने कुठे कात्री लावली ते त्यांना कळायला हवं असायचं.

हे काम मला कॉलेजच्या प्राचार्यांनी दिलं. त्यांना कुणीतरी उच्चार स्वच्छ असलेली, अर्थशास्त्र घेऊन बीए झालेली मुलगी हवी होती, आणि आमच्या वर्षी अर्थशास्त्र घेणाऱ्या आम्ही दोघीच होतो. दुसरीचं लग्न झालं.

पहिले तीन महिने मला काही कळत नव्हतं. परकीय गंगाजळी, वित्तीय तूट, अवमूल्यन हे शब्द मी परीक्षेत लिहिले होते, पण त्यांच्यामुळे कुणाच्या आयुष्यात काही होतं असं वाटलं नव्हतं. सर वाचन मध्येच थांबवून विचारायचे, "याचा अर्थ काय, मंदा?" मी पुस्तकातली व्याख्या सांगायची. ते म्हणायचे, "ही व्याख्या झाली. अर्थ सांग." हळूहळू मला अर्थ सांगता यायला लागला. एकदा बजेटच्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं की अर्थमंत्र्यांच्या भाषणात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य कुठलं, आणि मी जे सांगितलं तेच त्यांच्या मनात होतं. त्या दिवशी घरी जाताना मी गिरणीच्या बाजूने लांबचा रस्ता घेतला, चालायला जास्त वेळ मिळावा म्हणून.

आम्ही गिरणीच्या चाळीत राहायचो. माझे वडील, तुळशीराम वाकोडे, सूतगिरणीत फिटर होते. गिरणी सरकारी महामंडळाची. त्या वर्षापर्यंत तिची पार दशा झाली होती. कापूस वेळेवर खरेदी व्हायचा नाही, वीज तोडली जायची, जोडली जायची. बाबांच्या खात्यात सूत कातायच्या मोठ्या यंत्रांच्या बावीस रांगा होत्या, त्यातल्या पाच चालायच्या. बाकीच्या रांगांवरचे कामगार हजेरी लावून बसून राहायचे. काही पत्ते खेळायचे, काही गठ्ठ्यांवर झोपायचे. बाबांना बसवत नसे.

त्या रविवारी वाचन संपल्यावर मी चहा केला. सरांच्या हातात कप दिला, कपाचा कान उजवीकडे करून, कारण तसाच त्यांना धरता यायचा. ते म्हणाले, "तुझे वडील गिरणीतच आहेत ना? तिथं काय चाललंय सध्या?"

माझ्या वडिलांबद्दल मला तोपर्यंत कुणी काही विचारलं नव्हतं. सरांच्या घरी तर मी त्यांचा विषय मुद्दाम काढत नसे. पण त्यांनी विचारलं तसं मी सांगायला लागले आणि सांगत गेले. बावीस रांगांतल्या पाचच चालतात हे सांगितलं. पत्ते सांगितले. आणि मग बाबांचं सांगितलं. रोज सकाळी ते स्टोअरमधून तेलाची कुपी भरून घेतात आणि न चालणाऱ्या सतरा रांगांवरून फिरतात. प्रत्येक रांगेत तेल घालतात, हाताने रूळ फिरवून बघतात, सूत गुंडाळणाऱ्या चात्या अडकल्यात का ते बघतात. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आठ रांगा होतात, सुट्टीनंतर नऊ.

"हे काम त्यांना कुणी सांगितलंय?" सरांनी विचारलं.

"नाही सर."

"मग का करतात?"

"यंत्र जाम होऊ नये म्हणून."

"चालतील असं वाटतं त्यांना?"

मी म्हणाले, "त्यांनाही माहीत आहे सर, चालणार नाहीत म्हणून. तरी घालतात."

सरांनी चहा संपवला आणि कप माझ्या दिशेला धरला. "विलक्षण आहे," ते म्हणाले. मला फार बरं वाटलं.

सोमवारी सकाळी दहा वाजता मी वही घेऊन बसले. सर नेहमीप्रमाणे खिडकीजवळच्या आरामखुर्चीत. ते लेख सांगताना स्वल्पविराम, पूर्णविरामसुद्धा सांगायचे. त्या दिवशी त्यांनी सुरुवात दिल्लीपासून केली. नवं धोरण येऊन दीड वर्ष झालं, परवाने गेले, आयात खुली झाली. पण जे कारखाने चालत नाहीत त्यांचं काय करायचं हे सांगायची हिंमत कुणात नाही. उद्योगात शिरायचं धोरण आहे, बाहेर पडायचं नाही. दोन परिच्छेद असे झाले. मग ते थोडे थांबले आणि म्हणाले, "नवा परिच्छेद."

मी लिहिलं:

'आमच्या भागातल्या एका सरकारी गिरणीत एक जाणता फिटर आहे. रोज सकाळी तो बंद यंत्रांना तेल घालतो. यंत्रे चालणार नाहीत हे त्यालाही ठाऊक आहे. त्याच्या निष्ठेला आपण नमस्कार करावा, आणि ते तेल थांबवावे.'

पूर्णविराम सांगून सर पुन्हा थांबले. खाली रस्त्यावरून भांडीवाली ओरडत गेली. मग त्यांनी पुढचा परिच्छेद सांगितला. त्यात कामगारांना नवं काम शिकवण्याबद्दल, त्यांना सन्मानाने मोकळं करण्याबद्दल बरंच काही होतं. सर निर्दय माणूस नव्हते. लेखाचा तो भाग चांगला मोठा होता.

मी सगळा लेख वाचून दाखवला. पाकीट चिकटवलं. साडेतीनच्या गाडीला दहा मिनिटं उशीर झाला, तोवर मी स्टँडवर पाकीट हातात धरून उभी होते. कंडक्टर रोजचाच होता. त्याने ते घेऊन तिकिटांच्या पेटीखाली ठेवलं.

बुधवारी लेख आला. संपादकाने एकही शब्द कापला नव्हता. उलट तेलाचं वाक्य चौकट करून मधोमध मोठ्या अक्षरात छापलं होतं.

आमच्या चाळीत अमरावतीचं दैनिक दोन घरी यायचं. त्यातलं एक घर भास्करराव तेलगोटे यांचं. ते युनियनचे सचिव होते, बाबांच्याच वयाचे, आणि कधी काही वाचलं की ते दुसऱ्याला वाचून दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. बुधवारी संध्याकाळी मी सरांकडून घरी आले तेव्हा ते आमच्या ओट्यावर बसले होते, मांडीवर वर्तमानपत्र. बाबा शेजारी. आई दारात उभी होती. आजूबाजूच्या घरचे चारपाच जण होते.

तेलगोटे काका मला बघून थांबले. मग म्हणाले, "हे घे, आलीच." आणि तेलाचा परिच्छेद त्यांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचला. वाचून झाल्यावर वर्तमानपत्राची घडी घातली.

"फिटर म्हनजे तुळशीराम," ते म्हणाले. "दुसरा कोन घालते तेल? अख्ख्या गिरणीत एकच मानूस हाय. आन् हे सरायले कोन सांगतलं, ते बी काही इचारायची गरज नाही."

मी चपला काढल्या, त्या भिंतीशी नीट लावल्या.

तेलगोटे काका मग माझ्याकडे बघून म्हणाले की मॅनेजमेंट हा लेख फ्रेम करून लावेल, उद्या कामगार आयुक्तांपुढे हेच दाखवेल, की बघा तुमचाच माणूस म्हणतो यंत्रं चालणार नाहीत. मुंबई-दिल्लीचा कुणी काही लिहितो ते सोडा, पण हे गिरणीच्या पोरीच्या हाताने लिहिलेलं आहे. त्यांचा आवाज चढला नव्हता. ते मला लहानपणापासून ओळखत होते.

तेव्हा बाबा बोलले.

"तिनं काय केलं? सरायनं सांगतलं, तिनं लिवलं. तिले कामच ते हाय. हात तिचा होता, बोलनं सरायचं होतं."

"पन तुह्या तेलाचं..."

"घरातली गोष्ट सांगतली असंन पोरीनं. त्याचं असं करतीन हे तिले काय मालूम." मग ते उठले. "चहा ठेव वं," ते आईला म्हणाले. "भास्करराव चहा घेऊन जातीन."

मी आत गेले. आईने स्टोव्ह पेटवला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मी तिच्याकडे. बाहेर ओट्यावर बाबा दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलत होते, बहुतेक तेलगोटे काकांच्या मुलाच्या लग्नाबद्दल.

तेलगोटे काका म्हणाले तसं झालं, पण अगदी तसं नाही. फ्रेम झाली नाही. लेखाचं कात्रण मॅनेजरच्या ऑफिसबाहेरच्या नोटीस बोर्डावर लागलं आणि आठ दिवस राहिलं. त्या आठ दिवसांत स्टोअरला लेखी हुकूम गेला की न चालणाऱ्या यंत्रांसाठी तेल द्यायचं नाही. बाबा स्टोअरच्या खिडकीशी कुपी घेऊन गेले तेव्हा स्टोअरकीपरने त्यांना तो कागद दाखवला. स्टोअरकीपर त्यांच्या जवळचाच होता. त्याने कागद दाखवला आणि खिडकी लावून घेतली.

पुढचे दोन आठवडे बाबा घरून तेल नेत होते. बाजारातून आणलेली छोटी बाटली ते डब्याच्या पिशवीत घालून न्यायचे. मग गेटवर पिशवी तपासली गेली. त्यांना मेमो मिळाला: परवानगीशिवाय बाहेरचा पदार्थ आणणे. तो मेमो इंग्रजीत होता. त्यांनी मला वाचायला सांगितला. मी वाचला, आणि सवयीने त्याचा अर्थही सांगितला. ते म्हणाले, "बरं." मेमो घडी करून त्यांनी देवघराच्या कोनाड्यात ठेवला.

त्यानंतर ते बसून राहायला लागले. पत्ते त्यांना येत नव्हते. सकाळच्या शिफ्टला जायचे आणि आपल्या खात्यात लाकडी बाकावर आठ तास बसून परत यायचे. घरी आल्यावर त्यांचे हात स्वच्छ असायचे. आधी ते आल्या आल्या बादलीत हात घालून सोड्याने घासायचे, त्याला अर्धा तास लागायचा. आता ते आल्यावर लगेच जेवायला बसायचे. जेवण झालं की काय करावं हे त्यांना सुचत नसे.

मी रविवारी आणि सोमवारी सरांकडे जात राहिले. फेब्रुवारीत बजेट आलं. सरांनी त्यावर तीन आठवडे लिहिलं. एकदा त्यांनी विचारलं, "त्या लेखावर घरी काही बोलले का?" मी म्हणाले, "नाही सर." त्यांनी डोळे मिटून मान हलवली आणि मी पुढची बातमी वाचली. मी बाहेरून एमएला बसले होते. सर मला शनिवारीही बोलवायला लागले, पेपर सोडवून घ्यायला. त्यांना माझ्याबद्दल आशा होती आणि ते ती बोलून दाखवत.

चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात स्वेच्छानिवृत्तीची योजना लागली. बाबांनी पहिल्याच यादीत सही केली. तेलगोटे काका समजवायला आले होते, की थांब, युनियन कोर्टात जातेय, सही करणारा पहिला माणूस तू होऊ नकोस. बाबा म्हणाले, "भास्करराव, मी तं सव्वा वर्षापासून रिटायरच हाय." त्यात कुणालाही टोमणा नव्हता. पुढच्या वर्षी गिरणी बंद झाली. तो लेख आला नसता तरी झालीच असती. हे मी आज अर्थशास्त्राची शिक्षक म्हणून सांगते आहे. त्या काळात राज्यात अशा कितीतरी गिरण्या बंद झाल्या, आणि त्यांच्यावर कुणी लेख लिहिले नव्हते.

एक गोष्ट मी वर सांगितली नाही.

त्या सोमवारी तेलाच्या वाक्याचा पूर्णविराम सांगून सर थांबले, तेव्हा ते नुसते थांबले नव्हते. त्यांनी खुर्चीत माझ्या बाजूला तोंड वळवलं आणि म्हणाले, "मंदा, हे तुझ्या वडिलांचं आहे. तुझ्या घरी याचा त्रास होईल का? तू म्हणशील तर हे वाक्य काढतो. लेख त्याच्याशिवायही उभा राहील."

ते खरोखर विचारत होते. मी काढा म्हटलं असतं तर त्यांनी ते काढलं असतं आणि पुन्हा त्याचा उल्लेखही केला नसता.

मी ते वाक्य पुन्हा मनात वाचलं. त्या लेखातलं ते सगळ्यात चांगलं वाक्य होतं. बाकीचा लेख कुठल्याही आठवड्याचा होता, या वाक्याने तो उभा राहत होता. आणि ते माझ्याकडून आलं होतं. दीड वर्ष मी सरांना इतरांची वाक्यं वाचून दाखवली होती. हे पहिलं वाक्य होतं जे मी दिलं होतं.

मी म्हणाले, "राहू द्या सर."

"नक्की?"

"हो."

मग भांडीवाली ओरडत गेली, आणि सरांनी पुढचा परिच्छेद सांगितला.

स्टँडवर गाडीला उशीर झाला तेव्हा पाकीट माझ्या हातात होतं. ते उघडून तेवढी चार वाक्यं खोडणं अवघड नव्हतं. सर बुधवारी म्हणाले असते, संपादकाने कापलं. मी तसा विचार केला आणि पाकीट कंडक्टरला दिलं. त्या वेळी मला भीती वाटली नाही की वाईटही वाटलं नाही. मला आठवतं ते एवढंच, की मला बुधवार लवकर यायला हवा होता.

आणि त्या बुधवारी ओट्यावर बाबा माझी बाजू घेऊन बोलले तेव्हा मी चपला भिंतीशी लावत होते. तेव्हा मी काही बोलले नाही. आईला बोलले नाही. नंतर कितीतरी वर्षं बोलले नाही. आमच्या चाळीत जो कुणी तो विषय काढी त्याला बाबा तेच सांगत: सरायनं सांगतलं, तिनं लिवलं. मी तिथे असले तरी सांगत, नसले तरी सांगत.

सर शहाण्णव साली गेले. तोवर मी गावच्याच ज्युनियर कॉलेजात शिकवायला लागले होते. त्या नोकरीसाठी सरांनी संस्थेला पत्र दिलं होतं, आणि ते पत्र त्यांनी मलाच सांगून लिहून घेतलं होतं. महिन्याभराने अमरावतीहून संपादकांचं पत्र आलं. बुधवारची जागा रिकामी आहे, तुम्ही त्यांचं काम जवळून बघितलं आहे, तुम्ही लिहाल का, असं त्यांनी विचारलं होतं. मी हो कळवलं. आठवडाभराची वर्तमानपत्रं रविवारी वाचायची, सोमवारी लिहायचं. मला दुसरी कुठली पद्धत येत नव्हती. आता लेख फॅक्सने जायचा.

बाबा माझा लेख वाचायचे. तोवर आम्ही चाळ सोडून कॉलेजच्या मागे दोन खोल्यांत राहायला आलो होतो. आई राहिली नव्हती. बाबांना वाचता यायचं, पण सावकाश. एक लेख त्यांना बुधवार आणि गुरुवार पुरायचा. वाचून ते काही म्हणत नसत. एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारत, हे काय असते. मी अर्थ सांगायची.

दोन हजार एकच्या डिसेंबरातला सोमवार होता. कॉलेजला सुट्टी होती. बाबा अंगणात पोत्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांना मधुमेह झाला होता, पाय सुजायचे, म्हणून एक पाय लांब केलेला. मी त्यांच्यासमोर पाटावर बसले आणि सोलायला लागले. काहीच ठरवलं नव्हतं. जवळजवळ नऊ वर्षं झाली होती. मला वाटतं, कुठल्याही दुपारी ते बोलणं निघालं असतं, ते त्या दुपारी निघालं.

मी म्हणाले, "बाबा, सरांचा तो लेख होता ना, तेलाचा. त्यायनं मले विचारलं होतं, हे वाक्य ठेवू का काढू म्हणून."

बाबांचे हात चालू होते. "कधी?"

"सांगत होते तेव्हाच. छापाच्या आधी."

"मंग?"

"मी ठेवा म्हटलं."

त्यांनी एक शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले, टरफल बाजूच्या ढिगात टाकलं. दुसरी घेतली. यंत्रात काय बिघडलं हे कुणी सांगत असताना ते ज्या चेहऱ्याने ऐकायचे, तोच चेहरा होता.

"काऊन?" त्यांनी विचारलं.

"चांगलं होतं वाक्य."

ते मानेनेच हो म्हणाले. बराच वेळ आम्ही दोघं सोलत राहिलो. शेजारच्यांचा रेडिओ चालू होता. मला वाटलं, ते एवढ्यावर सोडतील.

"त्यात एक होतं," बाबा म्हणाले. "मशीनी चालनार नाही हे त्यालेबी ठाऊक हाय. असं होतं ना?"

"हो."

"ते सरायनं मनानं टाकलं का तू सांगतलं?"

"मी सांगितलं."

"मी तुले असं कधी म्हनलं होतं?"

मी आठवून बघितलं. तशी आठवून बघायची गरज नव्हती.

"नाही," मी म्हणाले.

"मले ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "मले तं वाटत होतं, चालतीन."

त्यांनी भांड्यातले दाणे हाताने सारखे केले, एक किडका होता तो काढून फेकला. मी त्यांच्याकडे बघत होते. मला काही व्हायला हवं होतं, डोळ्यांत पाणी वगैरे, मी त्याची वाटही बघितली. मला फक्त त्यांचा लांब केलेला पाय दिसत होता, त्यावरची सूज, आणि मनात आलं की या महिन्यात डॉक्टरांकडे न्यायचं राहिलं आहे.

"आज सोमवार ना," थोड्या वेळाने ते म्हणाले. "लिवलं काय?"

"नाही अजून."

"काय हाय या आठोड्यात?"

मी सांगितलं की सरकारने आपला एक कारखाना विकायला काढलाय, त्याच्यावर लिहायचं आहे. त्यांनी विचारलं, कुठला. मी म्हणाले, इकडचा नाही, खाली दक्षिणेतला.

"तिथं आपलं कोन हाय?"

"कोणी नाही."

बाबांनी पुढची शेंग उचलली.

"मंग लिही," ते म्हणाले.

मी हात झटकले, आत गेले आणि लिहायला बसले. पाच वाजायच्या आत फॅक्स गेला. बुधवारी लेख छापून आला, आणि गुरुवारपर्यंत बाबांनी तो वाचून संपवला.